मिथेनची तिवई

तपासणी समिती जिन्यात पोचली, तरी आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख मिथेनच्या मॉडेलला फुलदाणीचा टेकू देत होते. मधे थर्माकोलचा कार्बन, चार काड्यांवर चार हायड्रोजन, अधिकच्या चिन्हासारखे सपाट. पुस्तकात तसंच आहे म्हणे! पुस्तकाचा कागदच सपाट असतो, हे या गृहस्थाला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं.

"सर, तिवईला कुठं टेकू लागतो?" रोज बर्नरच्या तिवया पुसणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. त्यांनी तीन काड्या फाकवून खाली खोचल्या, एक वर. मिथेन उभा राहिला.

"सुंदर! कोणी केलं?" आत येताच समितीच्या मॅडमनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले.

"काड्यांमधला कोन?"

"नव्वद अंश!" सरांनी मघाच मोडलेल्या अधिकच्या चिन्हाचा कोन ठणकावून सांगितला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि शेवंताबाईंना विचारलं, "बाई, हे तुम्ही केलंत ना?"