खालचा कोपरा

रहस्यकथा वाचताना आमच्या घरात एकच नियम होता. खुनी ओळखला की पानाचा कोपरा दुमडायचा. मी वरचा, बायकोने खालचा. ज्याचं पान आधीचं, तो जिंकला. पुस्तक आधी मी वाचायचो, मग ती. मी पडलो फौजदार; तिचा कोपरा नेहमी माझ्या पानानंतरच दुमडलेला सापडायचा. "फौजदारसाहेबांपुढे आमचं काय चालणार!" ती म्हणायची. शेवटच्या आजारपणात तिने रद्दीतली, कुणाच्याच खिजगणतीत नसलेली एक कादंबरी माझ्याआधी वाचली. ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. अखेरच्या पानावर खुनी डॉक्टर निघाला आणि मी चाट पडलो. तिने तर दुसऱ्या प्रकरणातच कोपरा दुमडला होता, डॉक्टरच्या ओल्या बुटांपाशी. कपाटातली जुनी पुस्तकं मी एकेक करून उघडली. प्रत्येकात, माझ्या पानाच्या कितीतरी आधी, खालच्या कोपऱ्याला पुसट घडी होती, नखाने दाबून सरळ केलेली.