सुधाकररावांची जिनिंग

सुधाकररावांची जीप चावडीपाशी थांबली तेव्हा बयनाबाईनं आधी मागच्या सीटवर नजर टाकली. यंत्रं काही दिसली नाहीत. कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं जीपमधून येत नसतात एवढं तिलाही कळत होतं, पण तीन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

सुधाकरराव हसतच उतरले. आदिलाबादेत त्यांच्या वडिलांची कापसाची अडत होती, पण मूळ घर इथलंच, भीमपूरकडच्या या गावचं. हातात पेढ्यांचा पुडा होता. तो पाहून बयनाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं शेजारच्या डोमाजीकडे मुद्दाम वळून पाहिलं. बघ म्हणावं आता.

कारण डोमाजीनं तिला कमी बोल लावले नव्हते. नव्वद सालच्या पोळ्याला सुधाकररावांनी गावात जिनिंग काढायची म्हटली, तेव्हा पहिलं वावर तिनं दिलं होतं. सडकेला लागून, काळंभोर. मागासलेल्या भागात कारखाना काढला की सरकार सवलत देतं, कापसाच्या गाड्या घेऊन आदिलाबादेत ताटकळायला नको, घरटी एकाला काम मिळेल, असं बरंच काही ते सांगत होते. बयनाबाईनं त्यातलं शेवटचंच ऐकलं. नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेला तिचा अमृत बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत होता. सणाला यायचा, खोकायचा आणि परत जायचा. "गावात काम भेटलं तं उद्याच येतो, माय," म्हणायचा.

किंमत तिनं घेतली नाही. गावाची रीत अशी, की मोल न घेता बाईनं जमीन दिली तर घेणारा साडीचोळी घेऊन तिच्या दारी येतो, तिच्या हातचं गूळपाणी घेतो आणि त्या दिवसापासून तिचा भाऊ होतो. सुधाकररावही तसेच साडीचोळी घेऊन आले. भावाला मग काही विचारायचं नसतं. बयनाबाईनं कचेरीत जाऊन सांगतील तिथं मुकाट्यानं अंगठे उठवले. तिचं पाहून डोमाजीनं वावर दिलं, डोमाजीचं पाहून आणखी काही जणांनी. सगळ्याला मिळून तारेचं कुंपण पडलं. आतली ज्वारी बंद झाली, गवत तेवढं जोमात आलं. डोमाजी कुरकुरला की बयनाबाई त्याच्या अंगावर धावून जायची. तिच्या भावाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

"जिनिंग झाली," सुधाकरराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोटो काढला.

लोक गोळा झाले. फोटोत पत्र्याची लांबलचक शेड होती, बाजूला कापसाचा पांढराशुभ्र ढीग. बयनाबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला. तारेच्या आत अजून एक वीटही पडलेली नाही, हे क्षणभर ती विसरूनच गेली. मग शेडपुढं ओळीनं उभी असलेली माणसं तिला दिसली. सगळी गोरी, डोक्याला टोप्या.

"हे कोन व्हय, भाऊ?"

"कामगार हायेत, अक्का. तिथल्याच गावचे. मेव्हण्यासंगं भागीत अमेरिकेत टाकली मी जिनिंग. तिकडंही कापूस पिकते."

लोक पुन्हा फोटोत डोकावले. सुधाकररावांना वाटलं, समजलं नसावं. ते खुलून सांगू लागले. पैसेवाला शहराकडंच पळतो, म्हणून तिथल्या सरकारनं खेड्यांसाठी सवलत ठेवली आहे. बाहेरच्या माणसानं मागे पडलेल्या गावात पैसा लावावा, गावातल्या दहा जणांना काम द्यावं, म्हणजे बायकोपोरांसकट त्याला कायमचं राहू देतात. गाव उभं राहतं, त्याचंही भलं होतं.

"लय चांगला कायदा हाये," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात आमी सगळेच चाललो."

"अन् आमचे वावरं?" डोमाजीनं विचारलं.

"बँकेत गहाण ठेवले होते. त्याच्यावरच तं पैसा उभा झाला." सुधाकररावांची नजर पेढ्यांवर गेली. "बँकेचं पाहू मग कधी."

डोमाजी बयनाबाईकडे वळला. नुसता बघत राहिला. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ओरडावं कुणावर ते तिला कळत नव्हतं. फसवणारा तिचा भाऊ होता आणि त्याला भाऊ तिनंच केलं होतं.

"आपलं गाव मागं पडलं नव्हतं काय, भाऊ?"

"पडलं होतं ना, अक्का. पन इथं पैसा लावून मले काय भेटलं असतं?"

बयनाबाईनं खाली पाहिलं. फोटो अजून तिच्याच हातात होता. ओळीच्या टोकाला एक पोरगा उभा होता, अमृतच्याच वयाचा, तोंडभर हसत.

"हा पोरगा काऊन इतका हासून राह्यला?"

विषय बदलला म्हणून सुधाकररावांना हायसं वाटलं. "तो? गावात काम नव्हतं तं दूर शहरात पडला होता बिचारा. जिनिंग निघाली तसा घरी आला. त्याच्या मायनं मले घरी बोलावून जेवू घातलं. म्हने, माह्या लेकराले तुमी घरी आनलं."

बयनाबाईनं फोटो त्यांच्या हातावर ठेवला.

"तिले सांगजा, भाऊ," ती म्हणाली. "म्हनाव, वावर माह्यं होतं."