रूपाचे चार दिवस

ज्वारीच्या पापडांच्या, बिबड्यांच्या आधणाला उकळी फुटायच्या आधीच कुंदाबाईंच्या अंगात भडका उठला. कानशिलं तापली, पाठीवरून घाम धावला. पदराने वारा घेत त्यांनी अंगणातल्या चुलीपासून ओट्याकडे पाहिलं. धाकटी जाऊ रूपा वेगळ्या चटईवर, भिंतीला टेकून मोबाईल बघत होती. बाजूला बसली होती ना बाई! बिबड्यांवर तिची सावलीसुद्धा पडायला नको.

दोघींच्या वयात दहा महिन्यांचं अंतर. कुंदाबाईंची पाळी आधी मागेपुढे व्हायची, आता सात महिने आलीच नव्हती. भाबडेपणाने त्यांनी ते सासूला सांगून टाकलं. "सुटली व माय तू," म्हणत इंदिराबाईंनी देवपूजा, लोणची, पापड, सगळं त्यांच्याच गळ्यात घातलं. महिन्याचे तीसही दिवस. आणि ही रूपा सत्तेचाळिसाव्या वर्षीही अगदी वेळेवर! कुंदाबाई मनातून जळायच्या. एकाच घरात एक म्हातारी झाली आणि दुसरी नवरीच राहिली.

"पीठ टाक व, कुंदे," पलीकडे वाळवणासाठी खाटेवर ओलं धोतर पसरत इंदिराबाई म्हणाल्या.

कुंदाबाई पाणी प्यायच्या निमित्ताने ओट्याशी गेल्या. "तुझं बरं हाये, रूपा. अंग अजून तरणं हाये तुझं."

रूपाने सासू लांब असल्याची खात्री केली. "काय तरणं, अक्का! दीड वरीस झालं बंद होऊन."

"मंग हे?"

"मले बी असाच भडका उठे. झोप नाही, उगाच रडू ये. जळगावची डॉक्टरीण म्हने, या वयात होतं असं. गोळ्या घे, पन आराम बी कर. आता नुसता आराम मागितला तं या घरात कोन देईन? या चार दिवसांले मात्र कोनी काही बोलत नाही."

कुंदाबाईंना आता तर जास्तच राग आला. तिच्या तारुण्याचा हेवा परवडला असता. ही अक्कल आपल्याला सुचली नाही, याचं काय करायचं?

"कुंदे! आधण आटलं व सगळं!"

कुंदाबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग सरळ रूपाच्या चटईवर जाऊन टेकल्या.

"आत्या, मी बी बसली," त्या ओरडल्या. "आत्ताच."

इंदिराबाई वळल्या. एका चटईवर बसलेल्या दोन्ही सुनांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मधूनच येते म्हने या वयात," कुंदाबाई पुटपुटल्या.

इंदिराबाईंनी पदर खोचला आणि पिठाचं पातेलं स्वतःच उचललं.

"येते ना. मले तं पासष्टीपर्यंत येत होती."