खड्यातले गुरुवार

पडद्यावरच्या पित्ताच्या खड्याचा व्यास अकरा मिलिमीटर होता आणि त्याचा दर सातवा थर इतरांच्या दुप्पट जाड होता. डॉक्टर मैथिली रेगे यांनी तो दोनदा मोजला. पोटातल्या खड्याचे थर बाहेरूनच वाचायची रीत त्यांनी शोधली होती. कुठल्या दिवशी किती तेल-तूप पोटात गेलं, हे त्यावरून कळे.

“दर गुरुवारी तुम्ही तळलेलं खाता,” त्या म्हणाल्या.

“छे! चार वर्षं उकडलेला दुधी खातोय,” विश्वंभर कुलथे म्हणाले. ऑपरेशनच्या भीतीने त्यांनी पथ्याचं वचन देऊन चार वर्षं चालढकल केली होती.

“गुरुवारी मी भजनाला जाते,” त्यांच्या पत्नी सुमतीबाई सावकाश म्हणाल्या.

“अगं, यंत्र चुकलं असेल.”

“शेंगदाण्याचं तेल, बऱ्याचदा तापवलेलं,” डॉक्टरांनी वाचलं.

“म्हणजे नाक्यावरचे वडे! अहो, आणि मी तुमच्यासाठी दुधी किसत बसते?” सुमतीबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. “डॉक्टर, मी महिनाभर माहेरी होते, तो मे महिना काढा बघू.”

कुलथ्यांनी घाम पुसला. “हे असं कधीही वाचता येतं?”

“खडा पोटात आहे तोवर. बाहेर काढला की तासाभरात वाळतो, मग काही दिसत नाही.”

पडद्यावर एप्रिल संपत आला होता. पुढचे थर भलतेच जाड दिसत होते.

“डॉक्टर,” कुलथे उठून उभे राहिले, “ऑपरेशन आजच करून टाका.”