निळी गाडी

वॉशिंग सेंटरच्या तिसऱ्या गाळ्याची फरशी धुऊन होत आली होती, तेवढ्यात बोहदाननं आपली पिकअप सरळ आत घातली.

"अरे, बाहेर लाव," लूबा ओरडली. "आत्ताच धुतलंय."

पंपाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. किंवा गेलंही असेल. धाकट्या भावांना ऐकू येतं ते सोयीनं. गाळा वाफेनं भरला होता. गाडीचे दोन पिवळे दिवे तेवढे दिसत होते. लूबानं नळीचा चाप सोडला आणि आता फरशीचं काय होतं ते बघत उभी राहिली.

कॅनडातल्या मॅनिटोबात मार्च महिन्यात कुठलीही गाडी आत आली की आधी गळते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ, खडी, शेतवाटांचा काळा चिखल, सगळं पोटाखालून टपटपत राहतं. त्या घाणीसाठीच तर रोज सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत, गाळे धुवायचे. भिंती वरून खाली, मग फरशी मागच्या भिंतीपासून मधल्या खड्ड्याकडे. पाण्याचा मारा असा, की पकड सैल झाली तर नळी माणसालाच ओढून नेईल. साठीला आलेली लूबा ते एकटी करायची, कारण बोहदानची पाठ दुखायची. आणि आता तोच घाण करायला आत आला होता.

पण काही गळलं नाही.

बोहदान उतरला. दोन हातांत दोन कॉफ्या. "घे. दोन साखरेची."

न मागता कॉफी आली म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढा भाऊ तिला ठाऊक होता. तिनं कप घेतला, पण प्यायली नाही. उघड्या दारातून वारा आत आला, वाफ हलली आणि गाडी दिसली.

गाडी निळी होती.

गावात विनोदच होता, की बोहदानची गाडी कोणत्या रंगाची हे त्याच्या बायकोलाही माहीत नाही. वॉशिंग सेंटर घरचं, पण गाडी बारा महिने चिखलाची. आज चाकांच्या तबकड्या चकाकत होत्या. आणि वास येत होता, चेरीचा. तो वास लूबानं लगेच ओळखला. हायवेवर एका मोठ्या कंपनीनं गाड्या धुवायचं नवं केंद्र काढलं होतं, तिथं गुलाबी फेस उडवतात. "गाडी धुतात की केक करतात?" असं बोहदानच चारचौघांत म्हणायचा.

"कुठं धुतलीस?"

"काय?"

"गाडी, बोद्या. घरी तीन गाळे आहेत आपले."

"वाटेत चिखल फार होता."

"चिखल होता म्हणूनच आपण जेवलो आजवर."

बोहदाननं कॉफीचा घोट घेतला. गरम असावी, त्याचं तोंड वाकडं झालं. "फुकट होतं गं. सही झाली की ते गाडी धुऊन देतात. पद्धत आहे त्यांची."

सही हा शब्द निसटला तसा त्यानं कप पुन्हा तोंडाला लावला. मागच्या खोलीत पंप धडधडत होता. लूबानं आत जाऊन तो बंद केला आणि परत आली.

महिन्यापूर्वीच त्या कंपनीचा माणूस ही जागा विकता का म्हणून विचारायला आला होता. दोघांनी मिळून त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं होतं. जागा बापानं मुलाच्या नावावर ठेवली होती. "नाव माझं, जागा दोघांची," हे त्या दिवशीही बोहदानच छाती काढून म्हणाला होता. केसानं गळा कापणं लूबानं आजवर ऐकलं होतं. कापताना दुखत नाही, मग एकदम कळतं, हे तिला आज समजलं.

"ते चालवणार आहेत का हे?"

"नाही. त्यांना इथलं गिऱ्हाईक तिकडं हवंय. हे पाडतील बहुतेक." त्यानं कमरेवर हात ठेवला. "माझी पाठ गेली, लूबा. पोरगा यायला तयार नाही. तू तरी अजून किती दिवस हे करणार?"

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

तिनं कॉफीचा कप भिंतीच्या कडेला ठेवला, भरलेला होता तसाच. मग मागं जाऊन पंप सुरू केला.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"लूबा, अगं, बसून बोलू ना."

"गाडी काढ. मला धुवायचंय."

तो गाडीत बसला आणि ती हळूहळू मागं घेतली. फरशीवर चिखलाचा ठिपका नव्हता, टायरचा डागसुद्धा नव्हता.

"स्वच्छ आहे की," खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला. "माझ्यामुळं काही घाण झाली नाही."

लूबानं नळी उचलली, पाय रोवले आणि गाडी उभी होती तेवढीच जागा ती पुन्हा धुऊ लागली.