ओहोटीला पाहिलेलं घर

सकाळपासून किल्ली दलालाच्या हातातच होती. घराचं दार अजून कुणी उघडलं नव्हतं.

"काका, एकदा आत येऊन तर बघा," तो चौथ्यांदा म्हणाला. "बैठकीच्या खिडकीतून अख्खी खाडी दिसते."

"दिसून मला काय करायचंय," वडील म्हणाले.

घरामागच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. पाणी ओसरेल तसे वडीलही एकेक पायरी खाली सरकत आता शेवटच्या पायरीवर येऊन बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही पाय पाण्यात सोडून. त्यांचा उजवा डोळा गेला होता. डाव्यातून धुरातून बघितल्यासारखं दिसे, आणि तेही फार तर वर्षभर, असं डॉक्टर म्हणाले होते.

लेक वर उभी होती. ती दातांची डॉक्टर; शेजारच्या धक्क्याचे उघडे पडलेले खांब ती सुजलेल्या हिरड्या बघाव्यात तशी बघत होती. आज तिने दवाखाना बंद ठेवला होता, कारण हे नववं घर होतं आणि शेवटचं. आधीच्या आठांवर वडिलांनीच काट मारली होती. कुठे ओहोटीला नुसता चिखल उरायचा, कुठे पायऱ्या अर्ध्यातच संपायच्या, एका ठिकाणी तर समुद्राच्या वाटेत पूलच आडवा होता. वडिलांच्या होडीची डोलकाठी त्याखालून गेलीच नसती. तेव्हा बापलेकीत ठरलं की नववंही जमलं नाही तर होडी विकायची आणि वडिलांनी मुकाट लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला यायचं. खरं सांगायचं तर ते जमू नये असंच तिला वाटत होतं. आंधळा होऊ घातलेला बाप आणि दाराशी होडी, म्हणजे तिचा जीव कायमचा टांगणीला.

दलालांची एक रीत असते. पाण्याकाठचं घर ते भरतीलाच दाखवतात. वडिलांचीही एक रीत होती. ते भरतीला येत आणि पाणी तळाला जाईपर्यंत हलत नसत. "भरतीला काय, डबकंसुद्धा बंदर वाटतं," असं त्यांनी या दलालाला आल्या आल्याच ऐकवलं होतं. बिचाऱ्याने तोवर दोनदा चहा आणला होता.

आता वडिलांनी खिशातून दोरी काढली. टोकाला शिशाचा गोळा, हाताहाताच्या अंतरावर गाठी. गोळा पाण्यात सोडून त्यांनी ओल्या गाठी बोटांनी मोजल्या.

"पाच. आपल्या होडीला तीन हात पुरे." गोळ्याच्या बुडाला मेण होतं, त्याला चिकटून तळ वर आला होता. तो त्यांनी चिमटीत चोळला. "वाळू आहे. नांगर धरेल."

लेक वरूनच म्हणाली, "पाणी आहे हो, बाबा. पण तुम्ही होडी चालवणार कशी? तुम्हाला दिसत नाही."

"चाळीस वर्षं फेरीबोट चालवली, ती काय नुसती डोळ्यांनी? धुकं पडलं की कुणाला काय दिसायचं? गप्प बस जरा. पाणी थांबलंय."

तिने समोर पाहिलं. घर खाडीच्या तोंडाशीच होतं, आणि समोर बारा होड्या नांगरलेल्या होत्या. वारा नव्हता. बाजारात वाट चुकलेल्या माणसांसारखं प्रत्येकीचं तोंड भलतीकडे होतं. पाणी काचेसारखं सपाट.

"आता," वडील म्हणाले.

"काय आता?"

"घोट्याला गार लागलं. समुद्र आत यायला लागला."

दलालाने मोबाइलमध्ये बघितलं. "काका, अजून दहा मिनिटं आहेत. इथे भरती लागायची वेळ दिलीय."

लेक पाण्याकडे बघत राहिली. कुठे एक तरंग नव्हता. मग खाडीच्या तोंडाजवळची पहिली होडी हलली. तिच्यावर कुणी नव्हतं. झोपेत कूस बदलावी तशी ती सावकाश फिरली आणि आत येणाऱ्या पाण्याकडे, म्हणजे घराकडे, तोंड करून थांबली. मग तिच्या मागची. मग त्यामागची. आवाज नाही, हाक नाही. चष्मा कुठे ठेवला म्हणून दिवसातून दहा वेळा घर उलटंपालटं करणारा हा माणूस लेकीने जन्मभर पाहिला होता, आणि त्याला हे कळतं हे तिला आज कळत होतं. दलालाने मोबाइल खिशात ठेवला.

"किती वळल्या?" वडिलांनी विचारलं.

त्यांना होड्या दिसतच नव्हत्या. ती चपला काढून पायऱ्या उतरली आणि त्यांच्याशेजारी बसली. पाय पाण्यात सोडले. थंडगार धार घोट्याला वेढून आत गेली.

"पाच," ती हळूच म्हणाली. "सहावी वळतेय. निळी आहे, बाबा. सात. आठ."

"सगळ्यांची तोंडं इकडेच ना?"

"इकडेच."

वडील मान डोलवत राहिले. ती मोजत राहिली.

"ताई," दलाल वरून म्हणाला. आता त्याचाही आवाज खाली आला होता. "मग दार उघडू का?"

"उघडा. कागदही काढून ठेवा," ती म्हणाली, पण उठली नाही. "आम्ही येतोच. एक होडी वळायची राहिलीय."