डाव्या पायाचे बूट

चौथा बूट गेला तेव्हा सातव्या मजल्यावरची सगळी दारं उघडली.

"ह्या वेळी माझा!" अंतरा एका पायात बूट घालून कॉरिडॉरमध्ये उभी होती. "आणि परत डावाच!"

"चोराला उजवा पायच नसेल," समोरचा जय म्हणाला.

सगळे हसले. विद्युल्लताकाकूही हसल्या.

दुबईच्या अल मनखूलमधल्या ह्या बिल्डिंगमध्ये येऊन त्यांना वर्ष झालं होतं. मुलगा कुणाल आणि सून स्मिता सकाळी सातला निघत, संध्याकाळी सातला येत. नात सान्वी शाळेतून आली की "आय ॲम फाइन, आजी" म्हणून खोलीचं दार लावून घेई. मजल्यावर सहा दारं. त्या दारांमागच्या माणसांची काकूंना वर्षभर फक्त पायताणं ओळखीची होती. रॅकवर मांडलेली.

पहिला बूट गेला. कुणी बाहेर आलं नाही.

दुसरा. दोन दारं उघडली.

तिसरा. चार.

आणि आता सहाही. कोपऱ्यातल्या दारातली रेहानची आई, जयची बायको ईशानी, सगळे.

"काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"जयसिंगपूरच्या."

"अय्या! माझं आजोळ मिरजेला!" अंतरा बुटाचं विसरूनच गेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती चहाला आली ती स्मिता येईपर्यंत हललीच नाही. मंगळवारी ईशानी. मग रेहानची आई, स्वेटरचा टाका शिकायला. दुबईत स्वेटर! काकू एकट्याच हसल्या आणि सुया शोधायला लागल्या. रोज कुणी ना कुणी. दुपारी कप विसळून ठेवताना त्या चक्क गुणगुणायच्या.

बूट जायचे थांबले.

थांबणारच. ते काकूच नेत होत्या. संध्याकाळी पाचनंतर, स्मिता यायच्या आत, कॉरिडॉर रिकामा असताना, एका वेळी एकच. जोडी नेली तर चोरी झाली असती. एकाने नुसता गलका होतो. चारही बूट पलंगाखालच्या बॅगेत होते, जुन्या साडीत गुंडाळलेले. आता त्यांची गरज उरली नव्हती.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, वॉचमन हनीफ लिफ्टपाशी भेटला.

"अम्मा, शुक्रवार का टिकट है मेरा."

"छुट्टी?"

"छुट्टी नहीं. निकाल दिया. मैनेजर बोलता है, जूते तूने लिए." तो हसायचा प्रयत्न करत होता. "ग्यारह साल हो गए, अम्मा. एक पैर का जूता मैं किसको पहनाऊँगा?"

काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. बोललं तर सहा दारं पुन्हा बंद. पाचचा चहा बंद. कुणालच्या तोंडाला काळं. न बोललं तर हनीफ.

गुरुवारी अंतरा आली. काकूंनी चहा ठेवला, तो उतू गेला, परत ठेवला. मग त्या आत गेल्या आणि बॅग ओढत घेऊन आल्या.

"हे बघ."

अंतराने बॅगेत पाहिलं. तिचा पांढरा बूट सगळ्यात वर होता.

"ठेवा ते आत, काकू."

"अगं, मी घेतलेत. मी! हनीफचा काही संबंध नाही. तू मॅनेजरला फोन लाव, मी बोलते."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"माझा गेला त्याच दिवशी आम्ही कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात बघितलं. सगळ्यांनी."

काकू खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "मग हनीफ?"

"मॅनेजरला कागदावर कुणाचं तरी नाव हवं होतं. पोलिसांत गेलं असतं तर तुमचं काय झालं असतं? कुणालदादांनी हात जोडले हो सगळ्यांपुढे. आणि हनीफचा व्हिसा कॅन्सलसुद्धा झाला. खलास. आता फोन करून काय होणार?"

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी अंतराचा हात धरला.

"आणि तरी तुम्ही सगळ्या माझ्याकडे येत राहिलात. चोर आहे हे कळूनही. एवढा जीव लावलात."

अंतराने हात हळूच सोडवून घेतला आणि घड्याळ पाहिलं.

"तसं नाही काकू. स्मिता येईपर्यंत तुम्हाला एकटं सोडायचं नाही, असं ठरलंय. कुणालदादांनी वार वाटून दिलेत. माझ्याकडे सोमवार आणि गुरुवार."